पट्ट्याचं तिसरं भोक

नवरा गेला की बाईच्या दारात येणं सगळ्यात आधी कोण बंद करत असेल, तर बांगडीवाली. आमच्या माळगेरीत तरी हेच चालत आलंय. माझ्या बांगड्या नऊ वर्षांपूर्वी फुटल्या. तेव्हापासून टोपली घेतलेली प्रत्येक बळेगार, म्हणजे आमच्याकडची बांगडीवाली, माझ्या फाटकापाशी आली की पावलं उचलून पुढं जायची. त्यामुळं गेल्या माघात बळेगार नीलव्वा दर मंगळवारी माझ्या अंगणात, लिंबाखाली, ऐसपैस बसलेली दिसायला लागली, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. विधवेच्या दारात बांगड्यांचं काय काम?

मी संशयी बाई आहे, हे लपवत नाही. दूधवाल्याचं माप मी बोट घालून बघते. देवळातून आलेला नारळसुद्धा कानाशी हलवून घेते. बाईमाणसानं एकटं राहून शिकारी कुत्र्यांचा धंदा करायचा म्हणजे डोळे उघडे ठेवावेच लागतात. लांब पायांची, बारीक कमरेची आमची कुत्री बघायला कुठून कुठून माणसं येतात. गोड बोलतात, चहा पितात, आणि बोलता बोलता कुठलं कुत्रं कुठं बांधलंय ते बघून ठेवतात.

नीलव्वा यायची ती बेळ्ळीसाठी. बेळ्ळी म्हणजे चांदी. तसाच तिचा रंग, आणि तिच्यासारखी कुत्री आमच्या अंगणात आजवर दुसरी झाली नाही. सहा वर्षांची. आमचे हे गेले त्यानंतर माझ्याच हातावर वाढलेली पहिली. हे म्हणजे सिद्दप्पा, माझे मालक. त्यांचे दोन नियम होते. एक, शिकारी कुत्र्याला कुरवाळायचं नाही. माणसाची बोटं लागली की त्याचे पाय जड होतात. दोन, गळ्यातला पट्टा कधी उतरवायचा नाही. पट्टा उतरला की कुत्रं बेवारशी. ससा मारायला बंदी येऊन जमाना झाला, आता कुणाची कुत्री कुणाच्या मागं पळत नाहीत. पण नियम राहिले. मी बेळ्ळीला ज्वारीची कण्णी शिजवून घातली, दूध घातलं, थंडीत अंडी चारली. हात मात्र लावला नाही.

आणि ही परकी बाई माझ्या डोळ्यांदेखत तिला खाजवत होती.

आमच्या जातीची कुत्री परक्याला अंगाला हात लावू देत नाहीत, हीच तर त्यांची ख्याती. म्हणून मी खिडकीआडून नीट बघितलं, ही करते तरी काय. ती बेळ्ळीला बोलवायची नाही. तिच्याकडे बघायचीही नाही. टोपली बाजूला ठेवून, तिच्याकडे कूस करून बसायची आणि हात उताणा मांडीवर टाकायची. बेळ्ळी यायची, हात हुंगायची. मग नीलव्वा बोटांच्या टोकांनी तिच्या छातीवर खाजवायची, तिथून खांद्यावर, कानाच्या मुळाशी, आणि शेवटी पट्ट्याखाली बोटं सरकवून मानेवर. बेळ्ळीचा मागचा एक पाय आपोआप हवेत हलायला लागायचा. मग ही मधेच हात काढून घ्यायची आणि लिंबाच्या शेंड्याकडे बघत बसायची. बेळ्ळी थोडा वेळ थांबायची आणि नाकानं तिचा हात वर ढकलायची. मग पुन्हा सुरू.

मी म्हटलं, ही तर लालूच लावायची रीत झाली. द्यायचं, थांबवायचं, मागायला लावायचं. चोर आणखी वेगळं काय करतात?

फाल्गुनात फकीरप्पाची तीन पिल्लं गेली. फकीरप्पा आमच्या मागच्या आळीचा; त्याच्याकडेही आमच्यासारखीच कुत्री. दिवसाढवळ्या पिल्लं गेली आणि त्यांची आई भुंकलीसुद्धा नाही, असं त्यानं चावडीवर सगळ्यांना सांगितलं. जिच्यावर कुत्री भुंकत नाहीत अशी आमच्या गावात येणारी बाहेरची एकच.

त्या मंगळवारी मी डोक्यावर पदर ओढला आणि नीलव्वाच्या मागं मागं हिंडले. कडब्याच्या गंजीआड उभी राहिले, पाण्याच्या टाकीमागं उभी राहिले. बांगड्या भरताना ती बायकांशी फार बोलत नव्हती. पण प्रत्येक दारातलं कुत्रं तिला ओळखत होतं आणि ती प्रत्येकाची खोड ओळखत होती. गौड्यांचा काळा कुत्रा तिला पाठ देऊन उभा राहिला, आणि तिनं त्याला शेपटीच्या वरच्या अंगाला खाजवलं. मारुतीच्या देवळातली म्हातारी कुत्री, तिला फक्त हनुवटीखाली. डोक्यावर थोपटणं म्हणून कुणालाच नाही. गिरणीजवळच्या तांबड्या कुत्र्यानं जांभई दिली, ओठ चाटले आणि मान वळवली, तर ही त्याच्या वाटेतून बाजूला झाली आणि हात पदरात घेतला. एका कुत्र्याला तिनं तोंड उघडायला लावून दातही बघितले. हे मी लक्षात ठेवलं. दात बघतो तो गिऱ्हाईक.

मग मी तिची माहिती काढली. एके काळी माझाही हात तीच भरायची, पण तिच्या घरचं मी कधी विचारलं नव्हतं. माझ्या शेजारणीला, गौरव्वाला, सगळ्या गावाची कुंडली पाठ.

"तिचं काय गं? हलगूरला पिठाच्या गिरणीमागं एक खोली हाय. नवरा दुसरी करून सोलापूरकडं गेला. पोर ना बाळ. तिसाव्या वर्षी डोक्यावर टोपली घेतली, ती अजून उतरली न्हाई."

"कुत्रं पाळलंय?"

"घरमालक पाळू देत न्हाई. आणि पाळून करणार काय? सकाळी निघते, दिवे लागायला घरी येते. त्याला बघणार कोण?"

"मग लोकांच्या कुत्र्यांचा एवढा पुळका कशाला?"

"तुला सगळ्यातच खोट दिसते बाई," गौरव्वा म्हणाली. "माझ्या लग्नात तिनंच हात भरलाय. माझा हात बघितलास? फावडं हाय फावडं. दुसऱ्या बळेगारणीनं सात बांगड्या फोडल्या आणि मला रडवलं. हिनं नुसता हात धरला, दाबत बसली, इकडचं तिकडचं बोलत बसली. हात मऊ पडला आणि चुडा आत गेला ते मला कळलंसुद्धा न्हाई."

म्हणजे हात मऊ पाडण्यात बाई पटाईत. मी हेही लक्षात ठेवलं.

पाडव्यानंतरच्या मंगळवारी ती गेल्यावर मी बेळ्ळीच्या पट्ट्याकडे बघितलं. तिची वाढ पुरी झाल्यापासून पट्टा चौथ्या भोकात होता. आता तो तिसऱ्यात होता. एका भोकानं ढिला. मानेवर तेलाचा आणि हळदीचा वास येत होता.

आज एक भोक, पुढच्या मंगळवारी दुसरं, त्याच्या पुढच्या मंगळवारी मान सुळकन बाहेर. बेळ्ळी तिच्यामागून आपल्या पायांनी चालत जाणार आणि भुंकणारसुद्धा नाही. माझ्याकडे दागिना म्हणून काही उरलं नव्हतं, माणूस म्हणून कुणी उरलं नव्हतं. बेळ्ळी होती. ती गेली असती तर त्या अंगणात मी कशासाठी उठायचं, हे मला खरंच माहीत नव्हतं.

मी पट्टा परत चौथ्या भोकात घातला आणि मंगळवारची वाट बघितली.

ती आली, बसली, बेळ्ळी तिच्याकडे निघाली, आणि मी बाहेर येऊन मधे उभी राहिले.

"कुणासाठी चाललंय गं हे?"

"कुणासाठी म्हणजे? तिच्यासाठी."

"पट्टा कुणी ढिला केला?"

मला वाटलं ती आढेवेढे घेईल. तिनं सरळ माझ्याकडे बघितलं. "मी केला. तेलहळदही मीच लावली. तिला दाटतंय अक्का. मानेला बोटांना काहीतरी लागतंय, आतून. पहिल्यांदा ज्वारीच्या दाण्याएवढं होतं, आता चिंचोक्याएवढं झालंय. तीन मंगळवार तुला सांगावं म्हणते, तर तू मला बघून दार लावून घेतेस."

"माझ्या कुत्रीला काय झालंय ते मला कळत न्हाई, आणि तुला कळतं?"

"तू हात लावून बघ की."

"फकीरप्पाची पिल्लं कुठं नेलीस?"

ती उभी राहिली. आळीतल्या बायका दारात आल्या होत्या, गौरव्वाही होती. "मी बांगड्या विकते, अक्का. पिल्लं विकत न्हाई."

"चोरटी! करणी करतेस माझ्या कुत्रीवर?" असं म्हणत मी पायानं टोपली उडवली.

टोपली फाटकाच्या दगडावर गेली. हिरव्या, तांबड्या, सोनेरी बांगड्यांचा एकदम खळकन आवाज झाला. तो आवाज मी आयुष्यात एकदाच तसा ऐकला होता, माझ्याच मनगटांवर. पण बोललेलं मागं घ्यायची मला सवय नाही.

नीलव्वानं एक शिवी दिली नाही. ती खाली बसली आणि बोटांनी काचा गोळा करायला लागली. फुटकी बांगडी काय परत विकायची होती? मी तोंड वाकडं करून बघत राहिले. तिनं फटीतला बारीक तुकडासुद्धा उचलला आणि पदरात बांधला.

"कुत्र्यांच्या पायात जाईल," ती म्हणाली. फाटकातून बाहेर पडताना मागं वळली. "मला काय म्हणायचं ते म्हण. पण गाठ हाय तिथं. हात लाव एकदा."

मी हात लावला नाही. मी पट्टा पाचव्या भोकात घातला, म्हणजे कुणाची बोटंच आत जायला नकोत. फाटकावर लिंबू-मिरची बांधली. आणि मनाशी म्हटलं, वाचवली.

आठ दिवसांत फकीरप्पाचं पितळ उघडं पडलं. पिल्लं त्यानंच गुपचूप जमखंडीकडच्या एका पाहुण्याला दिली होती; थोरल्या भावाला वाटा द्यायला नको म्हणून चोरीची आवई. भावानं त्याला चावडीसमोर चपलेनं हाणला. गौरव्वा मला कुंपणावरून म्हणाली, "काय गं, आता?"

"पिल्लांचं खोटं निघालं म्हणून करणीचं खोटं होतं का?" मी म्हटलं. एकदा धरलेला संशय सुटायला वेळ लागतो. माझा तर हाताला चिकटलेला असतो.

त्याच आठवड्यात बेळ्ळीनं कण्णी तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी दूध ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती लिंबाखाली मान लांब करून पडलेली, आणि श्वास घेताना घशातून घरघर. मी पट्टा सोडायला हात नेला. तिनं ओठ वर केले आणि मला दात दाखवले. मला! सहा वर्षं माझ्या हातचं खाणाऱ्या कुत्रीनं मला दात दाखवले.

तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर अंगडी आले. दोनदा जवळ गेले, दोनदा मागं सरले. दोरी टाकायला बघितलं तर बेळ्ळी अशी उसळली, की श्वासच अडकून जीभ निळी पडली.

"तोंड बांधायचं नाही, श्वास आधीच कोंडलाय," डॉक्टर म्हणाले. "झोपेचं इंजेक्शन दिलं तर उठेल याची खात्री नाही. मानेत मोठं काहीतरी पिकलंय. आजच फोडायला पाहिजे, नाहीतर उद्या मला बोलावू नका. तिला कुणीतरी शांत धरा. घरातलं कुणी, ज्याच्या हाताची तिला सवय आहे."

"घरात मीच हाय," मी म्हटलं.

"मग या की पुढं."

मी जागची हलले नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, बेळ्ळीकडे बघितलं, आणि पुढं काही विचारलं नाही. त्या माणसासमोर मला जेवढी लाज वाटली, तेवढी फाटकासमोर नवऱ्यानं मारलं असतं तरी वाटली नसती.

"एक बाई हाय," मी म्हटलं. "अर्ध्या तासात आणते."

भर उन्हात टमटम करून मी हलगूरला गेले. गिरणीमागच्या खोलीत नीलव्वा दोरीत बांगड्या ओवत बसली होती. मला बघून तिनं हात थांबवला नाही.

"आता काय? अजून एक टोपली राहिलीय, ती फोडायला आलीस?"

"बेळ्ळी मरतीय गं."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तिच्या पायात चप्पल होती. टमटममध्ये आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसलो. तिनं एकच विचारलं.

"पट्टा कितव्या भोकात हाय?"

खोटं बोलावंसं वाटलं. "पाचव्या," मी म्हटलं.

तिनं तोंड बाहेर वळवलं आणि माळगेरी येईपर्यंत उसाकडे बघत राहिली. तिनं मला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

अंगणात तिनं डॉक्टरांना लिंबामागं बसायला सांगितलं आणि मला पायरीवर. मग नेहमीसारखी कूस करून बसली, हात उताणा मांडीवर. बेळ्ळी उठू शकत नव्हती. ती पोटावर सरकत सरकत आली आणि तिच्या मांडीवर मान टाकली. नीलव्वानं छातीपासून सुरुवात केली. खांदा, कानाचं मूळ. मधेच हात काढून घेतला. मला ओरडावंसं वाटलं, की आता कसली वाट बघतेस! बेळ्ळीनं नाक एवढंसं हलवलं, हाताला लावलं. तेव्हा कुठं नीलव्वाची बोटं पट्ट्यावर गेली. पट्टा सुटला. खालची कातडी सोलवटून लाल झालेली, केस गेलेले, आणि एका बाजूला लिंबाएवढी गाठ.

डॉक्टरांनी जागा बधिर केली आणि चीर दिली. नीलव्वाचा दुसरा हात कानामागं चालूच होता. बेळ्ळी कण्हली, पण हलली नाही. आतून घाण वाहिली, आणि घाणीबरोबर बाभळीचा काटा निघाला, बोटाच्या पेराएवढा, काळा पडलेला.

"कुंपणातून जाताना शिरला असेल," डॉक्टर म्हणाले. "शिरला तेव्हा वरवर होता. पट्ट्यानं दाबून दाबून आत गेला." ते माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत, एवढी त्यांची मेहेरबानी.

बेळ्ळी जगली. पंधरा दिवस नीलव्वा रोज आली, मलम लावलं, मंगळवारी गावात फिरून आली. मी तिला नवी टोपली घेऊन दिली. तिनं ती मुकाट्यानं घेतली. आम्ही फार बोललो नाही. मला बोलता येत नव्हतं, आणि ती मला सोपं करून देत नव्हती.

सोळाव्या दिवशी बेळ्ळी उन्हात बसली होती. गळा मोकळा, केस फुटायला लागलेले. मी जवळ गेले आणि हात पुढं केला. तिनं मान खाली घातली, कान मागं घेतले आणि दोन पावलं मागं सरली.

मी पायरीवर बसले आणि रडले. नवरा गेला तेव्हा चारचौघांत रडले होते, ते वेगळं. "काय केलंय गं मी हिला?" मी म्हटलं. "कधी काठी मारली न्हाई, कधी उपाशी ठेवलं न्हाई."

"तुझा हात कायम वरनं येतो," नीलव्वा म्हणाली. "पट्टा धरायला येतो. दुसऱ्या कशाला आलाच न्हाई, तर तिला काय ठाऊक? कशाला आला असंल, असा तिला संशय येतो."

मी पदरानं डोळे पुसले.

"हात दे इकडं."

"कशाला?"

"दे की. चोरत न्हाई."

तिनं माझा उजवा हात घेतला आणि बांगडी भरताना दाबतात तसा दाबायला लागली. अंगठ्याचं मूळ, तळवा, एकेक पेर. मी हात ओढून घेणार होते. विधवेचा हात बळेगारणीनं धरायचा नसतो, आळीतून कुणी बघितलं तर. पण ओढला नाही. नऊ वर्षांत माझा हात कुणी धरलेला नव्हता, आणि हे मला तोवर कळलेलंच नव्हतं.

"सव्वादोनचं माप तुझं," ती म्हणाली. "बावीस वर्षं भरलाय हा हात मी. हिरव्यावर एक सोनेरी कड लागायची तुला."

"तुझ्या ध्यानात हाय?"

"त्या दिवसानंतर तुझ्या दारावरनं जाताना मी मान खाली घालायची. काय म्हणून आत यायचं? बांगडीवालीला तुझ्या दारात कारणच उरलं न्हाई. माघात ही फाटकाशी आली, गजातनं नाक काढून माझा हात हुंगला. म्हटलं, तुझ्याकडं यायला न्हाई, हिच्याकडं यायला तर कारण झालं."

म्हणजे माझा संशय अगदीच खोटा नव्हता. ती नुसती कुत्रीसाठी येत नव्हती.

"आता तो हात मांडीवर टाक," ती म्हणाली. "उताणा. आणि तिच्याकडं बघू नकोस."

मी हात टाकला आणि लिंबाच्या शेंड्याकडे बघत बसले. बराच वेळ काही झालं नाही. मग तळव्याला ओलं नाक लागलं. मी बोटांच्या टोकांनी छातीवर खाजवलं, जसं खिडकीआडून दोन महिने बघितलं होतं तसं. छाती किती गरम होती. सहा वर्षांत मला हेही माहीत नव्हतं.

"आता थांब," नीलव्वा कुजबुजली. "हात काढ."

"गेली तर?"

"गेली तर गेली. तिला ठरवू दे."

मी हात काढून घेतला. बेळ्ळी उभी राहिली. मग तिनं मान खाली घातली आणि माझं मोकळं मनगट नाकानं वर ढकललं.